रोपांना हवा दाखवायची म्हणजे

सोमवार, ४

आज रोपं पहिल्यांदा बाहेर काढली आणि लगेच आत आणली. वारा होता. म्हणजे फार नव्हता, दोरीवरचा टॉवेल जेमतेम हलत होता. पण टोमॅटोची रोपं एवढीएवढीशी, दोऱ्यासारखी. ती वाकायला लागली. उचलले ट्रे आणि परत काचेआड.

आतून यांनी विचारलं, "काढलीस का गं?"

"काढली की," म्हटलं. खोटं नाही. परत आत ठेवलीस का, हे त्यांनी विचारलंच नाही.

दरवर्षी हे काम यांचं असतं. गावाबाहेर जमिनीचा एक तुकडा भाड्याने घेतलेला आहे, त्याला आम्ही हौसेने मळा म्हणतो. मागच्या काचबंद गॅलरीत हे बिया पेरतात, रोपं करतात आणि थंडी सरली की मळ्यावर नेऊन लावतात. यंदा थंडीच्या सुरुवातीला यांचंच ऑपरेशन झालं. छाती उघडून हृदय दुरुस्त केलं. जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, शेवटी आपल्यावर पाळी आली, असं भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगून हसतात. मला हसू येत नाही. बिया मी पेरल्या. हे पलंगावर पडून उंटावरून शेळ्या हाकतात.

काचेआड वाढलेलं रोप एकदम मळ्यात लावलं तर मान टाकतं म्हणे. आधी थोडा वेळ सावलीत ठेवायचं, मग जास्त वेळ, मग उन्हात, मग वाऱ्यात. पाणी कमी कमी करत न्यायचं. 'हवा दाखवायची' असं यांनी त्याचं नाव ठेवलंय. नाव छान आहे. पण हवा दाखवताना रोप मेलं तर?

बुधवार, ६

दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जखम उत्तम भरली आहे. आता रोज थोडं थोडं बाहेर फिरू द्या, हलकंसलकं उचलू द्या, नुसतं बसून माणूस खचतो. बोलताना हसत होत्या. त्यांना काय, त्यांच्याकडे असे पेशंट शंभर, माझ्याकडे नवरा एकच.

घरी आल्यावर हे म्हणाले, "ऐकलंस ना त्या काय म्हणाल्या?"

"ऐकलं. पण अजून गारठा आहे. पुढच्या महिन्यात बघू."

यांनी नुसती मान डोलावली. पूर्वी माझ्याशी मिठाच्या खड्यावरूनही भांडायचे. हल्ली वाद घालत नाहीत, त्याचीही मला भीती वाटते.

रोपं बाहेर काढली होती, पण भिंतीवर मांजर आलं. आत आणली.

शुक्रवार, ८

मी लाँड्रीत कामाला लागून किती वर्षं झाली ते मोजायचं सोडून दिलंय. गिऱ्हाईक कपडा टेबलावर टाकतं, मी डाग बघते आणि सांगते, हा चहाचा, हा गंजाचा, हा शाईचा आणि हा साहेब म्हणताहेत तसा शाईचा नाही. मालकीणबाई म्हणतात, माझ्यापुढे कोणाचं काही लपत नाही. त्या कामात दुपार कशी जाते कळत नाही. खरा त्रास संध्याकाळी होतो. घराच्या दाराशी आले की किल्ली भोकात जात नाही. कान दाराला लावून उभी राहते. रेडिओ ऐकू आला तर श्वास सुटतो. आज रेडिओ बंद होता. किती वेळ उभी होते कोण जाणे. शेवटी आतून यांनीच विचारलं, "कोण आहे? आत या की, दारात काय मुहूर्त बघताय?"

हे खुर्चीत बसून होते, केस विंचरलेले, पायांत चपला. घरात चपला कशाला, म्हटलं. तर म्हणाले, पाय गार पडतात. मी लगेच मोजे काढून दिले.

मिरचीचा ट्रे सकाळी भिंतीच्या बाजूला ठेवला होता. आता दाराच्या बाजूला दिसला. मीच विसरले असेन.

रविवार, १०

टोमॅटोच्या पानांवर पांढरे चट्टे आलेत. हात लावला तर कागदासारखी कुरकुरीत. कालपर्यंत काही नव्हतं. माझं धाबं दणाणलं. एक ट्रे उचलून यांच्यासमोर नेला. हे बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "थंडीने होतं असं."

थंडीने पानं जांभळी पडतात, असं दोन वर्षांपूर्वी यांनीच मला सांगितलं होतं. आजारपणात माणूस विसरतो. औषधांनीही होतं म्हणे. डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं. यांचा चेहराही कालपासून लालसर दिसतोय, नाक तर सोललेलं. ताप बघितला, नव्हता. पुन्हा बघितला. तिसऱ्यांदा थर्मामीटर आणला तेव्हा म्हणाले, "आता तोच आजारी पडेल."

थंडीनेच झालं असेल तर बाहेर काढायचा प्रश्नच नाही. आता काही दिवस रोपं आतच राहतील. गॅलरीच्या फटींत जुनी फडकी कोंबून टाकली.

बुधवार, १३

कोणीतरी घरात येतंय.

आज ट्रेच्या कडेवर निळा डाग सापडला. अंगठ्याचा. डाग बघणं हे माझं पोट आहे, मी फसणार नाही. ऑइल पेंट, ताजा, टर्पेंटाइनने पुसायचा प्रयत्न केलेला. अंगणातला नळ ओला होता. कोपऱ्यातली लोखंडी खुर्ची उन्हात ओढून ठेवलेली होती आणि तिच्या पायांच्या रेघा मातीत उमटल्या होत्या.

ऑइल पेंट आमच्या गल्लीत एकाच घरात असतो. शेजारचे रंगारी घरीच बसून दुकानांच्या पाट्या रंगवतात. यांचे जुने मित्र. पण मी कामावर, हे आत औषधाच्या गुंगीत झोपलेले, अशा वेळी मागच्या दाराने माझ्या अंगणात शिरायचं काय कारण? मैत्री असेल तर पुढच्या दाराने यावं.

यांना विचारलं, दिवसा काही आवाज येतो का? हे म्हणाले, "कसला आवाज? मी झोपलेला असतो." बोलताना रेडिओचं बटण उगाच फिरवत होते.

विचार करून करून डोकं दुखायला लागलंय. धडधाकट माणूस असता तर गोष्ट वेगळी. यांना कोणी नुसतं दचकवलं तरी काय होईल? कोणी घरात शिरलं, हे दचकून उठले, धडपडले आणि मी तिकडे कोणाच्या तरी कोटावरचा डाग घासत बसले, असं डोळ्यांसमोर येतं. लिहिलं की कमी होईल वाटलं होतं. कमी होत नाही.

गुरुवार, १४

सकाळी रंगाऱ्यांना फाटकाशी गाठलं. सरळ विचारलं, "भाऊजी, तुम्ही आमच्या अंगणात येता का?"

त्यांचे कान लाल झाले. "मी? छे हो वहिनी. मी कशाला येऊ?" आणि नजर आमच्या खिडकीकडे.

"आलात तर बरं होणार नाही," म्हटलं. इतक्या वर्षांचा शेजार, त्यांच्या बायकोच्या बाळंतपणात मी त्यांच्याकडे रात्री काढल्यात, आणि त्या माणसाला मी असं बोलले. वाईट वाटलं. पण भीतीपुढे वाईट वाटणं टिकत नाही.

येताना कुलूप आणलं. चांगलं जाडजूड. उद्यापासून मागच्या दाराला बाहेरून कडी आणि कुलूप. किल्ली माझ्याबरोबर.

शुक्रवार, १५

आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी कुलूप घातलं. गॅलरीच्या खिडक्या बंदच होत्या. गारठा होता म्हणून मी त्या तशाच ठेवल्या. कुलपाचं यांना सांगितलं नाही. उगाच घाबरतील वाटलं. दुपारी एकाएकी ऊन तापलं. लाँड्रीतही घाम फुटत होता. तेवढ्यात फोन आला. मालकीणबाईंनी माझ्याकडे दिला.

"वहिनी, घाबरू नका," रंगाऱ्यांचा आवाज. "पण जरा घरी या."

घाबरू नका म्हटल्यावर माणूस जेवढा घाबरतो तेवढा कशानेच घाबरत नाही. कोणाचा तरी पांढरा कोट माझ्या हातात होता, तो तसाच जमिनीवर पडला. अंगावरचा एप्रन न काढता पळत सुटले. रस्ता ओलांडताना मनात आलं, लेकीला कसं सांगायचं? ती परदेशात, तिला यायला दोन दिवस लागतील. मग मनात आलं, कुलूप मी घातलं. आत काही झालं असेल आणि मागच्या दाराने कोणी जाऊ शकलं नसेल, तर ते कुलूप मी घातलं.  किल्ली मुठीत इतकी घट्ट धरली होती की तळव्यावर तिचे दाते उमटले.

गल्लीत वळले तर आमच्या घरासमोर ट्रेच ट्रे. रंगाऱ्यांच्या भिंतीच्या सावलीत सगळी रोपं ओळीने मांडलेली. आणि पायरीवर हे. शर्टाची वरची बटणं उघडी, अंगावर मातीचे ओघळ, हातात पाण्याचा पेला. जिवंत. बाजूला रंगारी एका पाटीने यांना वारा घालत उभे. पाटीवर 'येथे' एवढंच लिहून झालं होतं.

मला बघून हे म्हणाले, "मागचं दार का गं बंद केलंस? आत भट्टी झाली होती भट्टी. खिडक्या उघडायला वर चढणार होतो, पण म्हटलं पडलो तर तू जीव घेशील. मग पुढच्या दाराने एकेक ट्रे आणला."

"तुम्ही आणले? एवढे?"

"बसत बसत."

मी आधी रंगाऱ्यांवर ओरडले. का, माहीत नाही. तेच जवळ होते. मग यांच्यावर. म्हटलं, "तुम्हाला लाज वाटत नाही?"

"वाटते ना," हे म्हणाले. "म्हणून तर तू कामावर गेल्यावर काढत होतो."

मग सगळं बाहेर आलं. मी रोपं बाहेर ठेवते आणि वाऱ्याची झुळूक आली की आत पळवते, हे यांना पलंगावरून खिडकीतून दिसत होतं. पहिल्याच आठवड्यात मी गेल्यावर यांनी एक ट्रे उचलून बाहेर ठेवला. दुसऱ्या दिवशी दोन. मग फाटकापर्यंत चालून पाहिलं. शनिवारी सगळे ट्रे उन्हात ठेवले, दम लागला म्हणून खुर्चीत टेकले आणि डोळा लागला. उठले तोवर पानं भाजलेली होती आणि नाकही. तेव्हापासून रंगाऱ्यांना सोबतीला बोलवत होते. 'वहिनींना सांगायचं नाही' अशी शपथ घालून. बिचाऱ्याने काल माझी बोलणी खाल्ली पण तोंड उघडलं नाही.

"आणि झोपेत काही झालं असतं म्हणजे?" मी म्हटलं. "उन्हात? एकटे?"

हे म्हणाले, "लिफ्ट दुरुस्त झाली की आधी रिकामी वरखाली फिरवतात. मग वाळूच्या गोण्या भरून फिरवतात. मग माणसं. गोण्यांपाशीच थांबलं तर ती लिफ्ट म्हणजे नुसती खोली."

 बोलले असते तर रडले असते आणि भर रस्त्यात, एप्रन घालून, मला रडायचं नव्हतं.

निम्मी टोमॅटोची रोपं गेली. काचेमागे शिजली. मिरची आणि वांगी तगली. रोपांना तळहातावरच्या फोडासारखं जपलं आणि मारली तीही मीच.

शनिवार, १६

यांच्याशी बोलत नाहीये. ताट पुढे सरकवते आणि जाते. हे 'मीठ' म्हणतात तर डबा आपटते. बऱ्याच दिवसांनी भांडतोय. यांना भूक बरी लागलीये.

लेकीला फोन केला. सगळं सांगितलं, वाटलं ती किंचाळेल. ती म्हणाली, "आई, मला माहीत होतं. बाबांनी फोटो पाठवले होते. रोपांचे आणि स्वतःचेही, फाटकाशी उभं राहून."

म्हणजे सगळ्या जगाला ठाऊक. डाग ओळखणारी मी, कळसा काखेत आणि गावाला वळसा घालून आले.

"माझ्यापासूनच का लपवायचं गं? मी काय वैरीण आहे त्यांची?"

ती हळूच म्हणाली, "बाबा म्हणतात, तू त्यांच्याकडे बघत असलीस ना, की त्यांना स्वतःचीच भीती वाटायला लागते. तुझा चेहरा बघून वाटतं, आपण आता जाणारच."

फोन ठेवल्यावर आरशासमोर गेले. चेहरा बघितला. रोजच्यासारखाच वाटला. मला त्यात काही दिसलं नाही.

मंगळवार, १९

रंगाऱ्यांची माफी मागून आले. ते म्हणाले, "जाऊ द्या हो वहिनी, चोर सोडून संन्याशाला फाशी, चालायचंच." त्यांनी 'येथे' पुढे काहीतरी लिहून पाटी पुरी केली होती, पण पोपटी रंग वापरलाय. मला तो डोळ्यांत खुपतो. सांगितलं नाही.

सुट्टी घेतली. हे सकाळी रोपं बाहेर काढणार म्हणाले, माझ्यासमोर. मी म्हटलं काढा. स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून शेंगा सोलत बसले. पाठ केली म्हणून कान बंद होत नाहीत. एक ट्रे गेला. पावलं थांबली. श्वास ऐकू आला. शेंगांतले दाणे सालांच्या भांड्यात आणि सालं दाण्यांच्या भांड्यात पडत होती. पावलं परत सुरू झाली. असं किती वेळा झालं मी मोजलं नाही, मोजायचं नाही असं ठरवलं होतं. एकदा मोठा आवाज झाला. मी उठले, दारापर्यंत गेले. खुर्ची पडली होती, हे नव्हते पडले. यांनी वर बघितलं. मी चेहरा कसा ठेवावा ते कळेना, म्हणून म्हटलं, "ती खुर्ची नीट उचला, पाय मोडेल तिचा."

यांनी उचलली. मी परत येऊन बसले आणि दाण्यांतली सालं वेचत राहिले.

शुक्रवार, २२

काल संध्याकाळी रोपं आत आणायची नाहीत असं यांनी ठरवलं. पावसाळी वारा सुटला होता. मी म्हटलं, प्लास्टिक तरी टाकू. नको म्हणाले. सकाळी उठून मी आधी अंगणात गेले. सगळी उभी होती. एक वांग्याचं जरा कललेलं, बाकी खोडं आधीपेक्षा जाड आणि पानं गडद. मी हात फिरवला तर पूर्वीसारखी लगेच झुकली नाहीत.

यांना सांगायला आत धावले. हे गाढ झोपलेले, तोंड उघडं. मला ते तसं बघवेना. बाहेर येऊन परत रोपांपाशी बसले.

रविवार, २४

आज मळ्यावर लावणी. हे म्हणाले, मी एकटा जातो. रंगाऱ्यांना काम होतं. मी म्हटलं, मी येते. हे म्हणाले, "तू नंतर ये. आधी मला जाऊ दे." इतक्या साधेपणाने म्हणाले की मला भांडायला जागाच राहिली नाही. टेम्पोवाल्याने ट्रे चढवले, हे पुढे बसले आणि गेले. फाटकात उभी राहून मी हात हलवला. चेहरा हसरा ठेवायचा प्रयत्न केला. टेम्पोवाला माझ्याकडे चमकून बघत होता.

तेव्हापासून घरात फिरतेय. कपाट आवरलं. आवरलेलं परत आवरलं. स्वयंपाक झालाय, झाकून ठेवलाय. जेवायची वेळ टळून गेली. मळ्यावर सावली म्हणजे एकच झाड आहे आणि जवळपास वस्ती नाही. कोणी हाक ऐकेल असं कोणी नाही. असले विचार करायचे नाहीत असं ठरवून मी बसले होते, आणि तेच विचार करत बसले आहे. फोन करावासा वाटला. केला नाही. करायला घेतला, ठेवला. भीती गेलीये असं कोणी म्हणेल तर त्याने माझं दोनदा आवरलेलं कपाट येऊन बघावं.

मध्येच लिहिणं सोडून उठले होते. फोन वाजला. हेच होते.

"अगं, मिरचीचा एक ट्रे लावायचा राहिलाय," हे म्हणाले. शब्दाशब्दाला दम खात होते.

"धाप लागलीये तुम्हाला."

"लागलीये. खड्डे काय फुंकर मारून होतात?"

मी ऐकत राहिले. आत श्वास, बाहेर श्वास. मागे वारा सुटला होता, त्याचाही आवाज येत होता.

"ती रोपं तू केलेली आहेत," हे म्हणाले. "तूच येऊन लाव."

"ऊन किती आहे."

"आहे. ये."

मी येईपर्यंत सावलीत बसा, काही उचलू नका, हलू नका, हे सगळं ओठांवर आलं होतं. मी विचारलं, "पाणी आणू का?"

"आण."

छातीत धडधडतंय, माझ्याच. अक्षर त्यामुळेच असं आलंय. बाटली भरून ठेवली आहे. कोपऱ्यावर टेम्पो मिळेल. निघते.